नाली साफ होते ती रस्त्यावर

(उमरी, जि. नांदेड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या अभ्यासवर्गात रस्ता झाडण्याचा विषय घ्यावा, याचे काही जणांना नवल वाटेल. शेतमालाचा भाव, पीकविमा, रोजगार हमी, गोदावरीच्या पाण्याचे वाटप असे प्रश्न उभे असताना समाजवादी कार्यकर्त्याने खराट्याची चर्चा का करावी, ही शंका अगदीच अनाठायी नाही. तथापि मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की तालुक्याच्या कोणत्याही गावी पाणी प्रथम कोणाच्या उंबऱ्यात शिरते, हे पाहावे. ते सखल भागातल्या पत्र्याच्या घरात शिरते, नाल्याकाठच्या वस्तीत शिरते. मोठ्या रस्त्याला लागून चढावर बांधलेल्या दुमजली घरांतून ते क्वचितच शिरते. आणि ते पाणी मागे सारण्यासाठी तुंबलेल्या नालीत जो माणूस उतरवला जातो तोही बहुधा त्याच सखल वस्तीतला असतो. एवढे लक्षात आले की हा विषय केवळ टापटिपीचा राहत नाही. सार्वजनिक पैसा, श्रम आणि जात या तिन्हींचा तो प्रश्न होतो.

पाण्याचे साधे गणित

मातीच्या रस्त्यावर पडणारा पाऊस आणि सिमेंटच्या रस्त्यावर पडणारा पाऊस यांत मोठा फरक आहे. मराठवाड्यातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिले पाऊस त्या भेगांतून खोल जातात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वाहू लागते. म्हणजे जमीन आधी आपला वाटा घेते व उरलेले नाल्याला देते. काँक्रीट, डांबर आणि सिमेंटात घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक असा वाटा जवळपास घेतच नाहीत. आले तेवढे पाणी, आले त्या वेगाने, ते नालीकडे लोटून देतात.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. हे मोजमाप प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे, कारण पुढचा हिशेब त्यावरून मांडता येतो. पाचशे मीटर लांब व सहा मीटर रुंद असा एखादा काँक्रीटचा रस्ता घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ ३,००० चौरस मीटर भरते. त्यावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर ७५,००० लिटर पाणी जमा होते. उन्हाळ्यात दहा हजार लिटरच्या टँकरसाठी रांगा लावणाऱ्या माणसांना हा आकडा निराळा समजावून सांगावा लागू नये. एका रस्त्यावर, एका तासात, साडेसात टँकर! दुतर्फा घरांच्या गच्च्या, पत्रे व फरसबंद अंगणे यांचे पाणी अजून यात धरलेलेच नाही.

हे सर्व पाणी वाहून नेण्याचा भार कडेच्या नालीवर असतो. समजा, ती नाली ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल आहे. तिच्या तळाशी १५ सेंटिमीटर गाळ साचला तर एकतृतीयांश जागा गेली असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मात्र नुकसान त्याहून मोठे असते. पाण्याचा थर जितका उथळ, तितका तळाचा व भिंतींचा अडथळा त्याला अधिक जाणवतो. त्यामुळे अशा नालीची वहनक्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. निम्मी नाली गाळाने भरली तर उरलेल्या निम्म्या जागेतून निम्मे पाणीदेखील जात नाही, साधारण चाळीस टक्केच जाते. शिवाय पाणी मंद झाले की त्याबरोबर आलेली माती आणखी वेगाने तळाला बसते. गाळ असा स्वतःच गाळ वाढवीत जातो.

गाळ येतो कोठून?

नालीतला गाळ नालीत जन्मत नाही. तो रस्त्यावरून येतो. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती गावात शिरताच काँक्रीटवर गळते, वाळते, तिची धूळ होते. घर बांधणारा वाळू, खडी, मुरूम व चुरी रस्त्यावरच ओततो आणि बांधकाम संपल्यावर तळाचा थर तसाच सोडून देतो. आठवडी बाजार उठला की पालेभाज्यांच्या काड्या, मक्याची पाने, सुतळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या मागे राहतात. चहाच्या टपरीचे कप असतात, गुटख्याच्या पुड्या असतात, गोठ्यातले शेण असते. आठ महिने हे सारे रस्त्यावर पडून राहते. पहिल्या पावसाची सर ते एकदम उचलते व नालीच्या तोंडाशी आणून टाकते. तेथे पिशवी जाळीला किंवा दगडाला अडकते, पिशवीला काड्या अडकतात, काड्यांना माती अडकते आणि बांध तयार होतो. पाऊस थोडाच पडलेला असतो, तरी गल्ली तळे होते.

यासाठी जे उपाय केले जातात तेच पुष्कळदा रोग वाढवतात. रस्ता झाडणाऱ्याला हातगाडी दिलेली नसते, कचरा उचलण्याची वेळ ठरलेली नसते. अशा स्थितीत झाडलेली माती लोटायची कोठे? ती नालीत लोटली जाते. रस्ता स्वच्छ दिसतो, मुकादमाचे समाधान होते आणि काम मात्र उलटे झालेले असते. मे महिन्यात नालीतला गाळ काढला जातो व काठावरच वाळत टाकला जातो. तो उचलण्याचा दिवस पुढे पुढे जातो आणि जूनची सर तो गाळ पुन्हा नालीत नेऊन टाकते. तीच माती एका वर्षात दोनदा काढण्याचे देयक मात्र निघू शकते! दुकानदार नालीवर शहाबादी फरशी पक्की बसवतो, ओटा पुढे ओढतो. त्या फरशीखाली फावडे जात नाही, म्हणून तेवढा भाग कायमचा भरलेला राहतो. जुन्या रस्त्यावर नवा काँक्रीटचा थर चढवला की रस्ता घराच्या जोत्याहून उंच होतो आणि नालीने न नेलेले पाणी थेट ओसरीवर येते.

म्हणून मूळ सूत्र असे मांडले पाहिजे की नाली साफ होते ती रस्त्यावर. रस्त्यावरून जी घमेलेभर माती रोज उचलली जाते, ती उचलणे सोपे असते, कोरडे असते, माणसाला साजेसे असते. तीच माती नालीत गेल्यावर सांडपाण्यात भिजून चिखल होते. मग ती काढणे अवघड, खर्चिक आणि अपमानकारक होऊन बसते.

मुंबई आणि ढाका

या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठ्या शहरांनी मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसे दगावली. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता, परंतु प्रलय येईपर्यंत त्याची बरीचशी अंमलबजावणी व्हायची होती. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि मिठी नदीचे आकसलेले पात्र, भराव, अतिक्रमणे व तुंबलेले नाले हे सर्व चर्चेत आले. राज्यात प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर निर्बंध आणण्याला याच अनुभवाने जोर दिला.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला भरती असताना झाडलेल्या रस्त्यांनी काय साधले असते? फारसे काही साधले नसते, हे कबूल केले पाहिजे. मिठीचे पात्र गिळंकृत करणाऱ्या बांधकामांचा दोष रस्त्यावरच्या पिशवीवर ढकलणे ही लबाडी ठरेल. परंतु गावोगाव दरसाल जे पाणी घरात शिरते ते काही ९४४ मिलिमीटरचे नसते. तास-दीड तासाच्या सरीने जी दैना होते, तिच्यावर उघडी, वाहती नाली हाच उपाय आहे. मोठ्या संकटाचे नाव पुढे करून लहान संकट टाळण्याचे कर्तव्य चुकवता येणार नाही.

बांगला देशाचा दाखला अधिक बोलका आहे. १९८८ व १९९८ च्या महापुरांत ढाका शहराचे पाणी निघेना, आणि गटारे तुंबवण्यात पॉलिथीनच्या पिशव्यांचा मोठा वाटा असल्याचे आढळून आले. २००२ साली त्या गरीब देशाने पातळ पॉलिथीन पिशव्यांवर बंदी घातली. जगातील अनेक श्रीमंत राष्ट्रांच्या आधी घेतलेला हा निर्णय होता. पुढे तेथेही पिशव्या परत आल्या, कारण कारखान्यावरची कारवाई सैल पडली आणि स्वस्त पर्याय सामान्य माणसाच्या हाती आला नाही. महाराष्ट्राने २०१८ साली बंदीची अधिसूचना काढली, देशाने २०२२ साली एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली. बाजारातील कोथिंबिरीच्या जुडीला मात्र अजून पातळ पिशवीच मिळते. बंदीचा बडगा भाजीवाल्या बाईच्या टोपलीवर पडतो आणि पिशवी बनवणारा अनामिक राहतो, तोपर्यंत यापेक्षा निराळे घडणार नाही.

खराटा कोणाच्या हाती?

महाराष्ट्राला खराट्याची थोर परंपरा आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते व नाल्या साफ करीत आणि रात्री कीर्तन करीत. सेनापती बापट पारनेरला रस्ते झाडीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकामाला आयुष्याची साधना मानले. या तिघांच्या कृतीचा अर्थ एकच होता. घाण करणारा एक आणि ती उचलणारा दुसरा, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. हल्ली स्वच्छतेच्या मोहिमांत पाहुण्यांच्या हाती नवे खराटे दिले जातात, छायाचित्र निघते आणि पाहुणे गेल्यावर उरलेला कचरा नेहमीचीच माणसे उचलतात. त्या छायाचित्रात त्या परंपरेचे सोंग तेवढे असते, तिचा आशय नसतो.

जातिव्यवस्थेने श्रमाची वाटणी केली असे म्हणणे अपुरे आहे, तिने श्रम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवले, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. सफाईचे काम पाहिले की त्याचा प्रत्यय आजही येतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली ही न्यायाची गोष्ट झाली, पण मृत्यू थांबवण्याचा मार्ग भरपाईतून जात नाही. पावसाच्या पाण्याची नाली ही कायद्याच्या भाषेत मैल्याची वाहिनी नसेल. तथापि ज्या गावात भुयारी गटार नाही तेथे शौचालयाच्या टाक्यांचे पाणी याच नालीत सोडले जाते. त्या नालीतील गाळ हातमोज्याशिवाय काढायला लावणे म्हणजे कायद्याच्या शब्दाला वळसा घालून जुनीच प्रथा चालू ठेवणे होय. रस्ता कोरडा असतानाच झाडला, माती तेव्हाच उचलली, तर त्या चिखलात उतरण्याची वेळ पुष्कळ कमी येते. स्वच्छ रस्ता हा म्हणूनच सफाई कामगाराच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.

या कामगारांना संघटित करण्याचे काम समाजवादी चळवळीला नवे नाही. मुंबईतील महापालिका कामगारांच्या संघटनेत पी. डिमेलो व जॉर्ज फर्नांडिस यांनी आपली उमेद खर्च केली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र, मान व पुढे सहकारी संस्थेतून नियमित काम मिळाले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. लहान नगरपरिषदांतील कंत्राटी कामगार मात्र अजून विखुरलेले आहेत. कंत्राट बदलले की मालक बदलतो, आणि मागील पगाराबद्दल विचारायचे कोणाला हेच कळेनासे होते. ज्याच्या पोटाचा भरवसा नाही त्याच्याकडून गावाच्या नालीचा भरवसा मागणे अन्यायाचे आहे.

कायदा आहे, हिशेब हवा

सार्वजनिक रस्ते व नाल्या स्वच्छ ठेवणे हे महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. ते मर्जीवर सोडलेले नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर बारीक तपशील सांगितला. रस्त्याचा झाडलोटीचा कचरा आणि नालीतून काढलेला गाळ थेट गाडीत भरणे सोयीचे नसेल तेथे तो झाकलेल्या जागी साठवावा, सफाई कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मुखपट्टी द्यावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले. बांधकामाच्या राड्यारोड्याने नाल्यांना अडथळा होऊ नये, ही जबाबदारी त्याच वर्षीच्या स्वतंत्र नियमांनी बांधकाम करणाऱ्यावर टाकली. लिहिण्यात उणीव नाही. नालीच्या काठावर उभे राहून ते लिहिलेले वाचून दाखवणाऱ्या माणसांची उणीव आहे.

रस्ता बांधण्याला निधी मिळतो, त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो. रस्ता झाडण्याचे भूमिपूजन होत नाही. म्हणून नवे काँक्रीट दरसाल वाढते आणि त्याची निगा राखणारे हात तेवढेच राहतात किंवा कमी होतात. चौरस मीटरचे पाणी वाढले, नाली तीच, खराटे तेवढेच. मग पाणी तुंबले की दैवाला बोल!

उमरीच्या माणसांना सार्वजनिक पैशाच्या हिशेबाची गोष्ट सांगण्याची गरज नाही. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात ३० जानेवारी १९४८ रोजी याच गावची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्या पैशाचा हिशेब लढा संपल्यावर चोख देण्यात आला, ही गोष्ट मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. जिवावर उदार होऊन मिळवलेल्या पैशाचाही हिशेब दिला पाहिजे असे मानणाऱ्यांच्या गावात, नालेसफाईच्या देयकाचा हिशेब मागणे हा कोणाला उपद्रव वाटू नये.

करावयाचे काम

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम पाहणीचे आहे. उन्हाळा संपण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील नाल्या पायी फिरून पाहाव्यात. नाली कोठे सुरू होते, कोणत्या मोरीतून जाते, कोणत्या नाल्याला मिळते, कोठे फरशीखाली दबली आहे, कोठे तिचा उतारच उलटा आहे, याचा हाताने काढलेला नकाशा करावा. नालीची खोली व गाळाची जाडी काठीने मोजून लिहावी. मोजलेला आकडा हाती असला की अधिकाऱ्याला उत्तर देणे टाळता येत नाही.

दुसरे काम मागणीचे. नवा खराटा व हातगाडी, झाडलेली माती त्याच दिवशी उचलण्याची गाडी, काढलेला गाळ काठावर न ठेवण्याची कंत्राटातील अट, बाजाराच्या दिवशी सायंकाळची दुसरी झाडलोट, टपऱ्यांजवळ कचऱ्याचे डबे, आणि कामगारांना किमान वेतन व सुरक्षेची साधने या मागण्या एकत्र मांडाव्यात. त्या सुट्या केल्या की कामगार एकीकडे व नागरिक दुसरीकडे असे चित्र उभे करणे सोपे जाते. नवा रस्ता मंजूर होताना जुना थर खरवडून काढण्याची आणि जोत्याची पातळी पाहण्याची अट घालावयास लावावी. शाळेचे मैदान, मंदिराचे व मशिदीचे आवार, झाडांची आळी ही सर्व जागा सिमेंटने झाकण्याचा हव्यास रोखावा. जमिनीत मुरलेले पाणी नालीला छळत नाही आणि उन्हाळ्यात विहिरीला उपयोगी पडते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या शेजारी राहणाऱ्यांनी पावसाचे पाणी निव्वळ हाकलून देण्याची वस्तू मानू नये.

तिसरे काम लोकांत बोलण्याचे आहे आणि तेच सर्वांत अवघड आहे. दुकानदाराला त्याची फरशी उचलता येईल अशी करावयास सांगायची आहे. बांधकामवाल्याला वाळूचा ढीग आवरावयास सांगायचा आहे. ट्रॅक्टरवाला शेतकरी तर आपलाच माणूस आहे. गावात शिरण्यापूर्वी चाकांची माती झाडावी, हे त्याला समजावून सांगता येते. येथे दमदाटी उपयोगाची नाही. भाजीवालीला दंड करून आणि पिशवीच्या घाऊक व्यापाऱ्याला नमस्कार करून जी स्वच्छता येते ती चार दिवस टिकते.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. पाणी तुंबले की कोणीतरी उत्साहाने नालीवरचे किंवा चेंबरचे झाकण काढतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत पाण्याखाली दिसेनाशा झालेल्या अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर मृत्युमुखी पडले. झाकण काढावेच लागले तर तेथे माणूस उभा करावा, काठी रोवावी, तांबडे फडके बांधावे.

गावच्या नालीतले पाणी गावात संपत नाही. या भागातील ओढे-नाले अखेर गोदावरीला मिळतात, गोदावरी बाभळीच्या बंधाऱ्यावरून तेलंगणात जाते आणि पोचमपाडच्या जलाशयाला मिळते. येथे रस्त्यावर फेकलेली पिशवी, सांडलेले तेल, टायरची काजळी खालच्या माणसाच्या पिण्याच्या पाण्यात जाते. पाण्याच्या वाटपावरून वरच्या भागातील धरणांशी मराठवाडा न्यायाने भांडतो. वरच्याने खालच्याचा विचार करावा, हे त्या भांडणाचे सूत्र आहे. तेच सूत्र आपल्यापेक्षा खाली असणाऱ्यांच्या बाबतीत, मग ते सखल गल्लीतले असोत की नदीच्या पुढच्या गावचे, पाळले तरच त्या भांडणाला नैतिक बळ येईल. पावसाळा लांब नाही. काठी, फूटपट्टी आणि वही घेऊन पहिली नाली मोजण्यास उद्याची सकाळ पुरेशी आहे.